पांढरे डाग घासून जात नाहीत, कारण ते नळात नाहीत: पूर्व पुण्यातल्या जड पाण्याचा माग

नळ घासून लख्ख केला तरी आठवड्याभरात पुन्हा पांढरा. गिझरची कॉइल बदलली तरी पुढच्या हिवाळ्यापर्यंत पुन्हा गेली. शॉवरच्या निम्म्या भोकांतून पाणी येत नाही, टॉवेल वाळला की खरखरीत लागतो, तुरीची डाळ चार शिट्ट्यांनंतरही दाण्यादाण्याने वेगळी. वाघोली, केशवनगर, मांजरी, लोहगाव, उंड्री, पिसोळी या भागांत राहायला आलेल्या माणसाला यातलं काही नवीन नाही. आमच्या सोसायटीत पाणी समितीचं काम माझ्याकडे आहे. दर उन्हाळ्यात त्याच तक्रारी त्याच क्रमाने येतात आणि प्रत्येक घर स्वतःपुरता उपाय करतं: कुणी शॉवरला फिल्टर लावतं, कुणी नवा आरओ घेतं, कुणी ऍसिड आणून बाथरूम धुतं. पैसे जातात, डाग परत येतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. माझं म्हणणं एवढंच की उपाय विकत घेण्याआधी जडपणा, म्हणजे पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, मोजा आणि तो नेमका कुठून घरात शिरतो ते शोधा. बहुतेक वेळा दोष घराच्या नळात नसतो, इमारतीच्या टाकीत असतो.

पाणी एकाच शहरात दोन प्रकारचं कसं?

सदाशिव पेठेतल्या मावशीकडे जो साबण भरभरून फेस देतो, तोच वाघोलीत हाताला नुसता चिकटतो. पेठांना पाणी मिळतं ते खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून. सह्याद्रीवर पडलेला पाऊस थोड्याच काळात वाहून धरणात येतो. खडकाशी त्याचा फारसा संग होत नाही, त्यामुळे ते मऊ राहतं.

शहराच्या कडेच्या गावांची गोष्ट वेगळी. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ च्या जूनअखेर आणखी तेवीस गावं पुणे महापालिकेत आली. वाघोली या दुसऱ्या यादीतली. इमारती आधी आल्या, नळाचं पुरेसं पाणी मागून यायचं आहे. मधली तूट बोअर आणि टँकर भरून काढतात, आणि खाजगी टँकर बहुतेक वेळा कुठल्यातरी विहिरीवर किंवा बोअरवरच भरलेला असतो. आपल्याकडचा खडक बेसॉल्टचा, म्हणजे काळा पाषाण. त्यातल्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आंबटसर होतं, खडकाच्या भेगांतून वर्षानुवर्षं झिरपतं आणि ही खनिजं विरघळवत जातं. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, त्यांचाही त्यात वाटा. बोअर जितका खोल आणि पाणी जितकं जुनं, तितका जडपणा सहसा जास्त. म्हणूनच पावसाळ्यात बरी असलेली घरं मार्चनंतर रडायला लागतात: नळाचं पाणी कमी होतं, टँकर वाढतात, बोअरची पातळी खाली जाते.

टीडीएसचा आकडा म्हणजे जडपणा नव्हे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. पेनासारखं टीडीएस मीटर आता घरोघरी असतं. आरओवाला तेच पाण्यात बुडवून आकडा दाखवतो आणि आपण घाबरतो. ते मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतं आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. त्यात साधं मीठही आलं. जडपणा म्हणजे त्यातलं फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. सॉफ्टनर, म्हणजे जडपणा काढणारं यंत्र, चालू आहे की नाही हे टीडीएस मीटरने कळतच नाही, कारण सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो; एकूण क्षार जवळपास तेवढेच राहतात. समितीच्या बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, "टीडीएस आधीही सातशे होता, आताही सातशे आहे, मशीन बोगस आहे." मशीन बोगस असेलही, पण ते या मीटरवरून ठरत नाही.

जडपणा मोजायला थेंबांचा किट मिळतो. सॉफ्टनर विकणाऱ्यांकडे, प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानांत, ऑनलाइनही. छोट्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, बफरचे थेंब टाकायचे, मग रंगाची चिमूट. पाणी जड असेल तर ते गडद वाइनसारखं लालसर होतं. आता तिसऱ्या बाटलीतला द्रव एकेक थेंब टाकत हलवायचं आणि थेंब मोजायचे. लाल रंग आधी जांभळट होतो आणि एका थेंबाला एकदम स्वच्छ निळा पडतो. तिथे थांबायचं. थेंबांना डबीवर दिलेल्या आकड्याने गुणलं की लिटरला किती मिलिग्रॅम ते कळतं. जांभळ्यावर थांबू नका, निळा पूर्ण दिसू द्या. घाईने मोजणाऱ्याचा आकडा कमी येतो. आणि रंगाची चिमूट टाकताक्षणीच पाणी निळं झालं तर त्यात जडपणा जवळपास नाहीच, म्हणजे सॉफ्टनर उत्तम चालला आहे.

आता हा आकडा कशाशी ताडायचा? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत, एकूण जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. टीडीएससाठी हेच आकडे ५०० आणि २००० आहेत. पण घरातल्या वस्तूंना मानकाशी देणंघेणं नसतं. गिझरच्या दृष्टीने दोनशेचं पाणीही थर देतं, फक्त हळू देतं. तीनशेच्या पुढे तक्रारी उघड दिसतात आणि पाचशेच्या पुढे रोजच्या होतात, असा माझा अनुभव आहे. संपूर्ण तपासणी हवी असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा पैसे भरून नमुने तपासतात. बोअर नवा मारला असेल तर ती एकदा करून घ्याच, कारण नायट्रेट, फ्लोराइड या गोष्टी थेंबांच्या किटमध्ये दिसत नाहीत.

कुठे मोजायचं

एकाच नळावर मोजून काही कळत नाही. एकाच दिवशी, पाठोपाठ नमुने घ्या: टँकरच्या पाइपमधून, बोअरच्या पाइपमधून, महापालिकेच्या जोडणीतून, खालच्या टाकीतून, सॉफ्टनरच्या आधीच्या आणि नंतरच्या कॉकमधून, गच्चीवरच्या टाकीतून आणि शेवटी स्वतःच्या स्वयंपाकघरातून. बाटल्यांवर पट्टी चिकटवून लिहा. आकडे एका ओळीत मांडले की चोर दिसतो.

सॉफ्टनरनंतर पाणी मऊ आहे पण गच्चीवरच्या टाकीत पुन्हा जड? मग कुठेतरी बायपास, म्हणजे सॉफ्टनर टाळून जाणारा पाइप, उघडा आहे किंवा टँकर थेट वरच्या टाकीकडे जाणाऱ्या लाइनला जोडलेला आहे. हे फार सर्रास होतं. पाणी कमी पडतं, सॉफ्टनरमधून पाणी हळू जातं, म्हणून पंप चालवणारा दादा रात्री बायपासचा कॉक अर्धा उघडतो आणि तो तसाच राहतो. त्याला बोल लावून उपयोग नाही. त्याला दोन इमारतींच्या टाक्या सकाळी सहाच्या आत भरून हव्या असतात. सॉफ्टनरची क्षमता प्रवाहाला पुरत नाही हा खरा दोष आहे.

सॉफ्टनरच्या आधी आणि नंतर आकडा सारखाच? मग मीठ संपलं आहे, रेझिनची, म्हणजे सॉफ्टनरमधल्या जडपणा धरून ठेवणाऱ्या दाण्यांची, मिठाच्या पाण्याने धुलाई झालेली नाही किंवा रेझिनच खराब आहे. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर रेझिनच्या दाण्यांवर तांबूस लेप बसतो आणि मीठ कितीही घाला, ते जागं होत नाही. दाणे मुठीत घेऊन बघितले की कळतं: चांगले दाणे पिवळसर, पारदर्शक, साबुदाण्याहून बारीक असतात, लोह बसलेले विटकरी दिसतात.

मिठाचा हिशेब कुणीच सांगत नाही

सोसायटीचा सॉफ्टनर पहिले काही महिने छान चालतो आणि मग बंद पडल्यासारखा होतो, याचं मूळ या हिशेबात आहे. जरा सावकाश वाचा.

समजा शंभर घरं आहेत, घरटी चार माणसं आणि माणशी १३५ लिटर, जे शहरी पाणीपुरवठ्याचं नेहमीचं प्रमाण आहे. रोजचं पाणी झालं ५४,००० लिटर. जडपणा लिटरला ५०० मिलिग्रॅम धरला तर रोज २७ किलो जडपणा टाकीत उतरतो. होय, सत्तावीस किलो, रोज. सॉफ्टनरच्या रेझिनचा एक लिटर साधारण ५० ग्रॅम जडपणा धरून ठेवतो आणि तो सोडवून रेझिन पुन्हा ताजं करायला लिटरमागे सुमारे १०० ते १५० ग्रॅम मीठ लागतं. मधला आकडा घेतला तर २७ किलोसाठी रोज ६५ ते ७० किलो मीठ. महिन्याचे दोन टन.

सॉफ्टनर बसवताना हा आकडा सांगितला जात नाही. बिल्डरने दिलेल्या यंत्राबरोबर तर कुठलीच वही येत नाही. मग मीठ परवडेनासं होतं, देखभालीच्या खर्चात काटछाट करायची वेळ आली की पहिली कात्री मिठाला लागते, दोन दिवसांआड धुलाई होते आणि मधल्या दिवशी जड पाणी आरामात वर जातं. नळावर डाग परत येतात आणि सगळे म्हणतात सॉफ्टनरचा काही उपयोग नाही.

शिवाय ते मीठ जातं कुठे? धुलाईचं खारट पाणी गटारात, आणि तिथून सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पात. त्या प्रकल्पाचं पाणी आपण बागेला देतो. मग हिरवळ पिवळी पडते, जास्वंदीच्या पानांच्या कडा करपतात आणि माळ्याला बोलणी बसतात.

यावर माझं ठाम मत असं की पूर्ण पाणी शून्यावर आणायच्या नादी लागू नये. काही भाग सॉफ्टनरमधून न्यावा, काही भाग तसाच मिसळावा आणि मिश्रण दीडशे-दोनशेच्या आसपास ठेवावं. पाचशेचं पाणी दीडशेवर आणायला सत्तर टक्केच पाणी यंत्रातून न्यावं लागतं. मिठाचा खर्च त्याच प्रमाणात उतरतो. फ्लशची लाइन वेगळी असेल तर तिला मऊ पाणी मुळीच देऊ नका. आणि मीठ घेताना समुद्राचं ओलसर खडे मीठ टाळा. त्यात माती तर असतेच, शिवाय मॅग्नेशियमही असतं, म्हणजे जे काढायचं तेच परत घालतो आपण. सॉफ्टनरसाठी मिळणारं शुद्ध मीठ किंवा मिठाच्या वड्या थोड्या महाग पडतात, पण रेझिन टिकतं.

स्वतःच्या घरापुरता सॉफ्टनर बसवायचा असेल तर हाच हिशेब लहान करून पाहा. २५ लिटर रेझिनचं यंत्र, म्हणजे १२५० ग्रॅम क्षमता. पाचशेच्या पाण्यात २५०० लिटर. चौघांच्या घराला साडेचार दिवस पुरेल. विकणारा "महिन्यातून एकदा मीठ घाला" म्हणाला तर त्याला हा भागाकार करून दाखवा.

गिझर

जडपणाचा एक भाग असा असतो की पाणी तापलं की तो खडा होऊन खाली बसतो. पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट उष्णतेने फुटतं आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, बाहेर पडते. घरात सगळ्यात गरम जागा कुठली? गिझरची कॉइल. म्हणून थर आधी तिथे.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. गिझर चालू केल्यावर आतून कडकड, खदखद आवाज येतो. पूर्वी जितक्या वेळात पाणी तापायचं त्याच्या दीडपट-दुप्पट वेळ लागतो. गरम नळाची धार बारीक आणि थंड नळाची नेहमीसारखी. आणि शेवटी एमसीबी पडायला लागतो. हे शेवटचं लक्षण दिसलं की गिझर लगेच बंद करा आणि दुरुस्त होईपर्यंत वापरू नका. थराखाली तापून कॉइलचं आवरण तडकलेलं असू शकतं आणि पाण्यात करंट उतरू शकतो.

शेजारच्या काकूंचा गिझर उघडला तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले होते. दुरुस्तीवाल्या दादांनी एमसीबी पाडला, टाकी रिकामी केली, खालचं झाकण सोडवलं आणि कॉइल बाहेर ओढली, तर ती येईना. वेटोळ्यांच्या मधली जागा पूर्ण भरली होती. ओढून काढली तेव्हा पिवळट पांढऱ्या पापड्या बादलीत पडल्या, नखाने दाबल्या की मोडणाऱ्या, आतून थरावर थर. टाकीच्या तळातून ओंजळीने चुरा निघाला. "ताई, कॉइल नाही गेली, हिला श्वास घ्यायला जागाच नव्हती," दादा म्हणाले. कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून कॉइल बुडवून ठेवली, बुडबुडे थांबेपर्यंत. नवीन कॉइल घ्यावीच लागली नाही. फक्त रबराचा गॅस्केट नवा टाकला आणि मॅग्नेशियमचा दांडा बदलला. हा दांडा टाकीला गंज लागू नये म्हणून स्वतः झिजत असतो. तो संपला की पुढची पाळी टाकीची. जड आणि क्षाराच्या पाण्यात तो लवकर झिजतो, त्यामुळे वर्षातून एकदा तरी तपासायला सांगा.

घरच्या घरी करण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे थर्मोस्टॅट उतरवणं. बरेच गिझर सत्तरच्या वर लावलेले असतात. ते ५० ते ५५ अंशांवर आणा. साठच्या पुढे थर झपाट्याने बसतो. सेफ्टी व्हॉल्व्हची कळ अधूनमधून उचलून पाणी येतं का पाहा. थराने तो अडकला तर टाकीतला दाब बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि ही गोष्ट कॉइल जाण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

गच्चीवर सोलर असेल तर काचेच्या नळ्यांच्या बुडाशी हाच गाळ साठतो. पाणी पूर्वीइतकं गरम येत नसेल तर आधी नळ्या उतरवून बघायला सांगा, मग पॅनेलला दोष द्या.

नळ, फरशी आणि कडप्प्याचा ओटा

डाग कसला आहे हे आधी ओळखा. व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर चुनखडी, आंबट पदार्थाने निघेल. तांबूस असेल तर लोह. थेंबाने काहीच झालं नाही, विशेषतः काचेवर, तर सिलिकाचा थर असू शकतो. बेसॉल्टच्या पाण्यात सिलिकाही असते आणि ती लिंबाला दाद देत नाही. अशा काचेला वेळीच पुसणं हाच उपाय. शॉवरच्या काचेला रबरी पट्टीचा वायपर लावून ठेवा आणि शेवटी अंघोळ करणाऱ्याने तो फिरवायचा, असा घरात नियम करा.

नळासाठी लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व पुरतं. किराणा दुकानात सुटं मिळतं, व्हिनेगरपेक्षा स्वस्त आणि वासही नाही. फडकं भिजवून नळाला गुंडाळा, अर्ध्या तासाने जुन्या दातघासणीने घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि कोरडं पुसा. नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढता येते; ती वाटीत बुडवून ठेवा. धार कमी झाल्याच्या बऱ्याच तक्रारी या एका जाळीशी संपतात. वॉशिंग मशीनच्या इनलेट पाइपच्या टोकालाही अशीच जाळी असते.

सोनेरी किंवा काळ्या मुलाम्याचे नळ असतील तर आंबट काही रात्रभर ठेवू नका. आणि बाथरूमसाठी मिळणारं तीव्र ऍसिड क्रोमच्या नळाला कधीच लावू नका. मुलामा एकदा उडाला की पुढचा डाग पितळेवरच बसतो आणि कायमचा बसतो.

कडप्पा, कोटा आणि संगमरवर हे दगड स्वतःच चुनखडीच्या जातीचे. ज्या आंबटाने नळावरचा थर विरघळतो, त्याच आंबटाने ओटाही विरघळतो. ओट्याची झिलई गेली, पांढरट ठिपके पडले, म्हणून लोक आणखी लिंबू घासतात आणि ठिपका मोठा होतो. नळ साफ करताना खाली जाड प्लास्टिक पसरा, थेंब पडला तर लगेच पाणी ओता. ग्रॅनाइटला ही भीती फारशी नाही.

आणि कुठलंही ऍसिड, अगदी लिंबूसत्वसुद्धा, ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच असलेल्या क्लीनरमध्ये मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

कपडे, केस, कातडी

साबण आणि कॅल्शियम एकत्र आले की पाण्यात न विरघळणारा चिकट पदार्थ तयार होतो. बादलीच्या कडेला बसणारा राखाडी थर तोच आणि टॉवेल कडक करणाराही तोच. कपडे धुताना वडीपेक्षा पावडर बरी, कारण तिच्यात जडपणा बांधून ठेवणारे घटक असतात. लिक्विडमध्ये ते सहसा कमी. शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर टाकलं तर टॉवेल बराच मऊ राहतो.

केसांबद्दल लोक फार घाबरलेले असतात. केस राठ होतात, गुंततात, हे खरं आहे. केसांवर थर बसतो. त्यामुळे केस मुळापासून गळतात असं सिद्ध झालेलं नाही. गळणं जास्त असेल तर लोह, थायरॉइड यांची तपासणी करा, शॉवर फिल्टर घेऊन महिने घालवू नका. त्वचेचंही तसंच. कोरडेपणा वाढतो. पण इंग्लंडमध्ये एक्झिमा असलेल्या ३३६ मुलांवर झालेली मोठी चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात घरी सॉफ्टनर बसवल्याने नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्तीचा फायदा दिसला नाही. मुलाच्या औषधाचे पैसे कापून यंत्र घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

स्वयंपाक आणि पिणं

डाळीच्या दाण्यातल्या पेक्टिनला कॅल्शियम घट्ट धरून ठेवतं, म्हणून ती फुटत नाही. डाळ, हरभरे, राजमा भिजवायला आणि शिजवायला आरओचं पाणी वापरा, फरक पहिल्याच दिवशी दिसेल. ते नसेल तर पाणी उकळून थंड करा आणि गाळून घ्या. निम्माअधिक जडपणा तळाशी बसलेला असू शकतो. कुकरच्या तळात लिंबाची पिळलेली साल टाकायची आजीची सवय अगदी बरोबर आहे, ती सोडू नका. चहावर येणारा चकचकीत तवंगही जड पाण्याचाच. तो दूध खराब असल्यामुळे येत नाही.

मुतखड्याची भीती सगळ्यांना वाटते. जड पाणी पिण्यामुळे मुतखडा होतो याला भक्कम पुरावा नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादा घातलेली नाही. चव आवडत नाही म्हणून माणूस दिवसभरात पाणीच कमी पितो, हा धोका मला जास्त खरा वाटतो. ज्यांना आधी खडा झाला आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

सॉफ्टनरचं पाणी मात्र पिऊ नका, निदान रक्तदाबाचा रुग्ण घरात असेल तर नक्कीच नको. पाचशेचा जडपणा काढताना लिटरमागे सुमारे २३० मिलिग्रॅम सोडियम वाढतं. कुंड्यांनाही ते घालू नका. पिण्याच्या आरओला मात्र सॉफ्टनरनंतरचं पाणी दिलं तर त्याचं मेंब्रेन जास्त टिकतं, आणि वाढलेलं सोडियम मेंब्रेन बहुतांशी काढून टाकतं.

सॉफ्टनर जंतू मारत नाही, हेही सांगायलाच हवं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा सगळं शहर पाण्याबद्दल जागं झालं. जडपणा आणि जंतू ही दोन वेगळी दुखणी आहेत. टाकीतल्या क्लोरीनची तपासणी वेगळी करायची आणि रोज करायची.

काय घेऊ नये

शॉवरला लावायचे छोटे फिल्टर क्लोरीन आणि गाळ कमी करतात, जडपणा नाही. मुठीएवढ्या डबीत मावणारं रेझिन पाचशेच्या पाण्यात काही बादल्यांत संपेल. वरचा हिशेब इथेही लागू आहे. पाइपला बाहेरून लावायची चुंबकं आणि विजेची वेटोळी यांच्यावर मी सोसायटीचा पैसा खर्च होऊ देणार नाही, भरवशाचा पुरावा नाही. पॉलिफॉस्फेटच्या काचेसारख्या गोळ्या मात्र गिझरच्या आधी लावल्या तर थर धरणं कमी करतात. जडपणा तेवढाच राहतो, थंड नळाचे डागही पूर्ण जात नाहीत, पण भाड्याच्या घरात राहणाऱ्यासाठी हा स्वस्त आणि सोयीचा मार्ग आहे. मुदतीनंतर गोळ्या बदलायच्या.

डिशवॉशर असेल तर त्याच्या आत छोटा सॉफ्टनर असतो. आपल्या पाण्याच्या जडपणाचा आकडा यंत्रात नोंदवावा लागतो. माहितीपुस्तिकेत तो जर्मन अंशांत दिलेला असेल तर आपला आकडा १७.८ ने भागा. खाण्याचं आयोडीनचं मीठ त्यात घालू नका.

टँकरची वही आणि गच्चीचं पाणी

गेटवरच्या वहीत टँकरचा नंबर आणि वेळ लिहितातच. त्यात दोन रकाने वाढवा: टीडीएस आणि थेंब. धरणाच्या आणि बोअरच्या पाण्यात टीडीएसचा फरक इतका मोठा असतो की इथे मात्र ते मीटर कामाचं आहे, सुरक्षारक्षक दादा अर्ध्या मिनिटात बघू शकतात. आकडा नेहमीपेक्षा चढा आला की थेंबांनी मोजायचं. महिन्याभरात कुठला पुरवठादार कुठून भरतो ते उघड होतं. कंत्राट करताना "जडपणा अमुकपेक्षा जास्त असेल तर टँकर परत" ही ओळ लेखी घाला. पुरवठादार कुरकुर करतात, पण वही समोर ठेवली की बोलणी सरळ होतात.

गच्चीवरचं पावसाचं पाणी आपल्याकडचं सगळ्यात मऊ पाणी आहे. हजार चौरस मीटर गच्ची, वर्षाचा ७०० मिलिमीटर पाऊस आणि त्यातलं ऐंशी टक्के हाती लागलं तरी ५,६०,००० लिटर होतात. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्यायचं, गाळणीतून पुढचं थेट खालच्या टाकीत घ्यायचं, आणि टाकी भरली की जास्तीचं बोअरजवळच्या शोषखड्ड्यात. आमच्याकडे गच्चीचे पाइप टाकीकडे वळवण्याचा प्रस्ताव या महिन्याच्या सभेत येतो आहे. तुमच्या सोसायटीत तो विषय मांडायचा असेल तर वरच्या सगळ्या ठिकाणांचे आकडे आणि मिठाचा हिशेब एका कागदावर छापून न्या; चर्चा तिथून सुरू होते.